नशेतला गुन्हा आणि नशेतला अंगठा

"साहेब, माझ्या हातून झालं खरं. पण मी शुद्धीवर नव्हतो. दारूच्या भरात झालं."

हे बोलणे आपण पुष्कळदा ऐकतो. कुणी बायकोला मारतो. कुणी भाऊबंदाचे डोके फोडतो. कुणी शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवतो. सकाळी विचारले की उत्तर तयार असते : मी नाही केले, दारूने केले. ऐकणारेही मान डोलावतात. "जाऊ द्या हो, प्यायला होता," असे म्हणतात.

कायदा मात्र 'जाऊ द्या' म्हणत नाही. तो काय म्हणतो, ते आपण नीट समजून घेऊ.

लग्नघरातला खून

ही घडलेली गोष्ट आहे. साल १९५४. आज जो भाग पंजाबात आहे, तिकडच्या एका गावी लग्न होते. लष्करातून निवृत्त झालेला एक जमादार त्या लग्नाला गेला होता. तो दारू प्यायला होता. दुपारच्या जेवणाला मंडळी बसत होती. तिथे पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा बसला होता. जमादार त्याला म्हणाला, "जरा सरक, मला बसू दे." मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढले आणि मुलाच्या पोटात गोळी झाडली. मुलगा मेला. हातभर जागेपायी एक कोवळा जीव गेला.

हा खटला दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५६ साली निकाल लागला. जमादाराच्या बाजूने सांगितले गेले की, तो नशेत होता, त्याचा जीव घेण्याचा हेतू नव्हता, म्हणून हा खून धरू नये.

न्यायालयाने साक्षी तपासल्या. हा माणूस मधूनमधून झोकांड्या खात होता, बरळत होता, हे खरे. पण तो आपल्या पायांनी लग्नघरी आला होता. बसायची जागा त्याने स्वतः निवडली होती. गोळी झाडल्यावर तो पळू लागला. लोकांनी धरले तेव्हा, "माझ्याकडून झालं, मला माफ करा," असे म्हणाला. म्हणजे आपण काय केले, हे त्याला कळत होते. न्यायालयाने खुनाचा गुन्हा कायम ठेवला. जन्मठेपही कायम राहिली.

दारू ही ढाल नाही

हा नियम आपल्याकडे १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कायद्याचे नाव बदलले, पण हा नियम राहिला. तो थोडक्यात असा आहे :

जो आपल्या हाताने पितो, त्याला शुद्धीवरच्या माणसाइतकीच समज होती असे धरले जाते. पोटात गोळी घातली तर माणूस मरतो, हे शुद्धीवरच्या माणसाला कळते. मग प्यायलेल्यालाही ते कळत होते, असे कायदा मानतो.

नशा फारच चढली होती, मनात हेतू धरण्याइतकेही भान उरले नव्हते, असे साक्षीपुराव्यातून दिसले, तर काही वेळा गुन्हा खालच्या पायरीचा ठरतो. पण माणूस तेवढ्याने निर्दोष सुटत नाही.

कुणी विचारील, हे कडक नाही का? विचार करून पाहा. नशेत केलेला गुन्हा माफ असता, तर ज्याला वैर साधायचे आहे तो आधी गुत्त्यावर गेला असता आणि मग कुऱ्हाड घेऊन निघाला असता. शेवटचा पेला पिताना माणसाला भान नसेल. पहिला पेला उचलताना मात्र होते. जबाबदारी त्या पहिल्या पेल्यापासून सुरू होते.

घरातल्या मारहाणीलाही हाच न्याय लागतो. "प्यायल्यावरच मारतो, एरवी देवमाणूस आहे," असे म्हटल्याने गुन्हा पुसला जात नाही. बायकोचा छळ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला संरक्षणही मागता येते.

गाडी चालवणाऱ्याचेही तसेच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले, की गुन्हा झाला. कुणाला धडक बसलीच पाहिजे असे नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

फसवून पाजली तर?

समजा, एखाद्याला सरबतातून गुंगीचे औषध दिले. त्याला ठाऊकही नाही. किंवा चार जणांनी धरून जबरदस्तीने दारू पाजली. आणि आपण काय करतो, हे चूक आहे की बरोबर, एवढेही कळेनासे झाले. त्या स्थितीत त्याच्या हातून काही घडले, तर कायदा त्याला गुन्हेगार मानत नाही.

पण दोन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. एक, नशा नकळत किंवा जबरदस्तीने दिलेली होती. दुसरी, समज खरोखर गेली होती. "दोस्तांनी आग्रह केला म्हणून घेतली," ही जबरदस्ती नव्हे.

नशेतला अंगठा

आता दुसरी बाजू पाहू.

समजा, गावात एक शेतकरी आहे. त्याला दोन पेले घ्यायची सवय. एका दलालाचा त्याच्या विहिरीकाठच्या जमिनीवर डोळा आहे. दलाल त्याला तालुक्याला नेतो, ढाब्यावर बसवतो, पेल्यावर पेला पाजतो. मान डोलू लागते. मग कागद पुढे येतो. "तात्या, इथं अंगठा करा. नुसतं साक्षीचं आहे." तात्या अंगठा करतात. ते असते जमिनीचे साठेखत.

हा सौदा कायद्याने बांधतो का?

१८७२ सालच्या करार कायद्यात याचे उत्तर आहे. करार करणाऱ्याला कराराच्या अटी समजल्या पाहिजेत, आणि त्यात आपले हित आहे की नाही, याचा विचार करता आला पाहिजे. तापाच्या भ्रमात असलेला माणूस आणि अटी कळू नयेत इतका प्यायलेला माणूस, हे त्या वेळेपुरते करार करू शकत नाहीत. असा करार टिकत नाही.

पण सावध राहा. नुसते "मी प्यायलो होतो" म्हणणे पुरत नाही. समजच नव्हती, हे जो म्हणतो त्याला ते शाबीत करावे लागते. तात्यांच्या बाजूने बोलायला ढाब्यावरचे कोण येणार? कोर्टाची वाट लांब आहे आणि खर्चाची आहे. म्हणून हातात पेला असताना लेखणीला आणि शाईला हात लावू नये. कागद घरी आणावा, सकाळी वाचावा. आता आपल्याला वाचता येते. ते अशाच वेळी कामी आणायचे.

होकार म्हणजे समजून दिलेला होकार

जमिनीला जो न्याय, तोच माणसाच्या देहाला.

नशेमुळे ज्याला आपण कशाला हो म्हणतो हे कळत नाही, त्याचा होकार कायदा होकार धरत नाही. बाई नशेत आहे, किंवा तिला गुंगीचे काही दिले आहे, आणि काय चालले आहे हे तिला उमगत नाही. अशा वेळी तिच्याशी संबंध ठेवणे हा बलात्कार आहे. ती "हो" म्हणाली असली तरीही. तिने हातपाय झाडले नाहीत, म्हणून संमती होती, असेही कायदा मानत नाही. या गुन्ह्याला कमीत कमी दहा वर्षे सक्तमजुरी आहे. ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते.

लोक विचारतात, "ती प्यायलीच कशाला?" हा प्रश्न गैरलागू आहे. पिणे म्हणजे होकार देणे नव्हे. "मीही प्यायलो होतो," ही पुरुषाची सबबही त्याला सोडवत नाही. त्याचे कारण जमादाराच्या गोष्टीत आलेच आहे.

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर शुद्धीतला होकारही कायद्यात धरला जात नाही. आणि गुन्हा करता यावा म्हणून कुणाला गुंगीचे औषध देणे, हाच मुळी वेगळा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

हा कसला न्याय?

कुणी म्हणेल, "गुरुजी, हे उलटसुलट झालं. प्यायलेल्याचा गुन्हा धरायचा, आणि प्यायलेल्याचा अंगठा मात्र धरायचा नाही. हा कसला न्याय?"

प्रश्न चांगला आहे. उत्तरही सोपे आहे. गुन्हा म्हणजे आपण दुसऱ्याचे केलेले नुकसान. त्यात आपली नशा दुसऱ्याने का सोसावी? संमती म्हणजे समजून दिलेला होकार. समजच नसेल, तर होकार कुठून येणार? जमादार आपल्या नशेच्या आड लपू पाहत होता. दलाल दुसऱ्याच्या नशेचा फायदा घेऊ पाहत होता. कायदा दोघांनाही एकच सांगतो : नशेच्या जोरावर दुसऱ्याला लुबाडता येणार नाही, आणि नशेच्या नावाखाली सुटताही येणार नाही.

असे झाले तर काय करावे?

नशा देऊन फसवले किंवा अत्याचार झाला, तर वेळ घालवू नये. लवकर दवाखान्यात जावे. रक्ता-लघवीतली नशा काही वेळाने उतरते आणि पुरावा जातो. अंगावरचे कपडे धुऊ नयेत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमची हद्द नाही," म्हणून परत पाठवता येत नाही. तातडीच्या मदतीला ११२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

वकिलाला पैसे नसतील, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना तिथे फुकट वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

आणि पुन्हा कुणी म्हणाले, "जाऊ द्या, प्यायला होता," तर त्याला विचारा : पहिला पेला कुणी उचलला होता?