नम्रता, ख्रिस्ती

ख्रिस्ती आध्यात्मिक जीवनातील एक मूलभूत सद्‌गुण. आपण देवाने निर्माण केलेले, परावलंबी व पापप्रवण आहोत हे ओळखून अहंभाव सोडणे आणि त्या जाणिवेने इतरांची सेवा पत्करणे, असा तिचा सर्वसाधारण अर्थ सांगता येईल. स्वतःला तुच्छ लेखणे वा दुसऱ्यापुढे निमूटपणे वाकणे म्हणजे नम्रता नव्हे, असे ख्रिस्ती आचार्यांनी वारंवार बजावले आहे. व्यवहारात मात्र या दोहोंची गल्लत होत आली. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात तर हा भेद केवळ तात्त्विक राहिला नाही.

गल्लतीचे एक कारण शब्दातच आहे. नव्या करारात या गुणासाठी आलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘खालचा’, ‘हलक्या स्थितीतला’ असा असून ग्रीकांच्या लेखी तो बहुधा हीनतादर्शक होता. ॲरिस्टॉटलच्या सद्‌गुणांच्या यादीत नम्रतेला स्थान नाही. स्वतःची थोरवी ओळखून वागणारा महामना पुरुष हा त्याचा आदर्श होय. ख्रिस्ती धर्माने हाच शब्द उचलून सद्‌गुणवाचक केला. परिणामी सामाजिक दैन्य आणि मनाची लीनता ही दोन्ही एकाच धातूच्या शब्दांनी व्यक्त होऊ लागली. प्रचलित मराठी बायबलमध्ये येशूच्या स्वभावासाठी ‘लीन’, पर्वतावरील प्रवचनात ‘दीन’ आणि मरियेच्या स्तोत्रात तिच्या स्थितीसाठी ‘दैन्यावस्था’ असे निरनिराळे शब्द आढळतात. मराठी वाचकाला हा भेद शब्दांवरूनच जाणवतो, ही मराठीची एक सोय म्हणावी लागेल. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) मरियेच्या स्तोत्रावरील आपल्या १५२१ च्या भाष्यात याच मुद्द्यावर भर दिला होता. मरिया आपल्या नम्रतेचा गौरव करीत नाही, देवाने आपल्या नगण्य स्थितीकडे पाहिले एवढेच ती सांगते, असे त्याचे प्रतिपादन आहे. खऱ्या नम्र माणसाला आपण नम्र असल्याचे भान नसते, असेही तो म्हणतो.

या सद्‌गुणाचा धर्मशास्त्रीय आधार म्हणजे स्वतः ख्रिस्ताचे चरित्र. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले व क्रुसावरील मरण पत्करले, असे वर्णन येते. योहानाच्या शुभवर्तमानात अखेरच्या भोजनाच्या वेळी तो शिष्यांचे पाय धुतो. या दोन्ही ठिकाणी जो वर आहे तोच स्वेच्छेने खाली येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मठजीवनात या गुणाला शिस्तीचे रूप आले. संत बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) याच्या मठनियमावलीच्या सातव्या अध्यायात नम्रतेची बारा पायऱ्यांची शिडी वर्णिली असून वरिष्ठांचे आज्ञापालन हा तिचा एक प्रमुख भाग आहे. बर्नार्ड ऑफ क्लेअरव्हो (१०९०–११५३) याने तीच शिडी उलटी करून गर्वाच्या पायऱ्या दाखविल्या. त्यांपैकी पहिली पायरी इतरांविषयीचे कुतूहल ही होय. टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) याने नम्रतेला संयमाच्या शाखेत घातले व ती मनाच्या थोरपणाशी विसंगत नसल्याचे दाखविले. तेरेसा ऑफ आव्हिला (१५१५–८२) हिच्या मते नम्रता म्हणजे सत्यात वावरणे. आधुनिक काळात डेव्हिड ह्यूम (१७११–७६) याने नम्रतेची गणना मठवासीयांच्या निरुपयोगी गुणांत केली, तर फ्रीड्रिख नीत्शे (१८४४–१९००) याला तिच्यात दुर्बलांचा प्रच्छन्न द्वेष दिसला.

नम्रता व आज्ञाधारकपणा यांतील अंतर पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच इतरत्र दिसेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता होत. त्यानंतरच्या पत्रव्यवहारात जेराल्डिन यांनी रमाबाईंना गर्वाबद्दल व स्वतंत्र बुद्धीच्या हट्टाबद्दल वारंवार दोष दिला. रमाबाईंचा शाकाहारही त्यांना जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटला. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा रमाबाईंचा आग्रह होता. लॅटिन ही हिंदी स्त्रियांना सर्वस्वी अनोळखी भाषा आहे, मग ती संस्कृतपेक्षा पवित्र का मानावी, असा त्यांचा प्रश्न होता. चेल्टनम येथे त्यांनी तरुण पुरुषांना शिकविण्याची कल्पना निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी आक्षेप घेतला. रमाबाईंना तो मुळीच मान्य झाला नाही. ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद असले, तरी धर्मगुरूंच्या तोंडचा प्रत्येक शब्द शिरोधार्य मानण्यास मी बांधलेली नाही, अशी त्यांची भूमिका होती. देवापुढील शरणागती आणि माणसांपुढील शरणागती त्यांनी एक होऊ दिली नाही. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचताना जेराल्डिन यांचा स्नेह खोटा वाटत नाही. पण जेत्या राष्ट्रातील गुरूने जित राष्ट्रातील शिष्येला नम्रतेचा उपदेश करावा, यातील विसंगती त्यांना जाणवलेली दिसत नाही.

रमाबाईंच्या नम्रतेचे स्वरूप पुढे केडगावच्या मुक्ती सदनात प्रकट झाले. दुष्काळपीडित व निराधार स्त्रियांबरोबर त्यांनी उर्वरित आयुष्य घालविले. ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या विद्वत्तेमुळे मिळविलेल्या या विदुषीने बायबलचे भाषांतर हिब्रू व ग्रीक शिकून केले, ते मात्र अल्पशिक्षित खेडवळ स्त्रियांना समजेल अशा साध्या मराठीत. तेथील स्त्रियांनीच छापलेले हे संपूर्ण बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या ठायी ख्रिस्ती लीनतेला वारकरी परंपरेची जोड मिळाली. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत आणि भक्तिकाव्यासाठी त्यांनी अभंग हाच छंद निवडला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचे वास्तव्य मुख्यतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांचे सोवळे मात्र एका दिवसात सुटले नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, ही जाणीव त्यांना कशी झाली ते स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात आले आहे. एका ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने नम्रतेची ही सर्वांत अवघड पायरी असावी; कोणत्याही मठाच्या शिडीत ती सापडत नाही.

रमाबाई व टिळक दांपत्य यांना उतरण्यास उंची होती. नगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती मात्र महार व मांग समाजांतून आले होते. नगर जिल्ह्यात काय किंवा सीमेपलीकडील, तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या आष्टीसारख्या भागात काय, गावकुसाबाहेरच्या माणसाला जोहार घालणे, दूर उभे राहणे व बिनमोबदला राबणे हे जन्मापासून ठरलेलेच होते. त्याला नम्रतेचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या लादलेल्या दैन्यालाच सद्‌गुण ठरविणे होय, असा धोका येथे संभवतो. धर्मांतरितांच्या स्थितीविषयी लिहिताना बाबासाहेब आंबेडकरांनी (१८९१–१९५६) अशाच स्वरूपाची टीका केली. अस्पृश्याच्या अवनतीचे कारण त्याच्या सामाजिक व धार्मिक परिस्थितीत न दाखविता त्याच्याच पापात दाखविल्यामुळे त्याची परिस्थिती बदलण्याची ऊर्मी मारली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने, पूर्वी वाकून उभा राहणारा मनुष्य शाळेत व प्रार्थनामंदिरात ताठ बसू लागला, हाही मिशनकार्याचाच परिणाम होता.

महाराष्ट्रातील महार पार्श्वभूमीचे ईश्वरविद्यातज्ज्ञ अरविंद निर्मळ (१९३६–९५) यांनी बंगळूर येथे १९८१ मध्ये दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविद्येचा आरंभ मानला जातो. त्यांनी सेवक देवाची कल्पना मध्यवर्ती मानली. झाडणे, धुणे, मैला वाहणे ही दलितांच्या वाट्याला आलेली सेवेची कामे देव स्वतः करतो. म्हणून तो दलितांचा देव ठरतो, असे त्यांचे विवेचन आहे. या मांडणीत दास्याचा गौरव नाही. दासाला हीन लेखणाऱ्या धन्याची श्रेष्ठता तीत नाकारली आहे. चेन्नईच्या गुरुकुल ल्यूथरन ईश्वरविद्या महाविद्यालयात पुढे त्यांनी या विषयाचे अध्यापन केले.

उपासनेत नम्रतेचे सर्वांत दृश्य रूप पवित्र गुरुवारच्या पादप्रक्षालनविधीत आढळते. रोमन कॅथलिक चर्चमध्ये १९५५ च्या सुधारणेने हा विधी त्या सायंकाळच्या मिस्सेत घेण्यात आला. पाय धुवून घेण्यास बारा पुरुषच निवडावेत, असा पूर्वी नियम होता. जानेवारी २०१६ च्या आदेशाने तो बदलण्यात आला असून स्त्रिया, वृद्ध, रुग्ण इत्यादी कोणाही श्रद्धावंताची त्यासाठी निवड करता येते.