सामाईक हौद आणि सासवडची नक्कल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका सकाळी संगणक सुरू केला, तर आतून टक-टक असा आवाज येऊ लागला आणि पडदा काळाच राहिला. संगणक उचलून तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं डिस्क बाहेर काढली, कानाशी धरली आणि विचारलं, "काका, यात काही महत्त्वाचं होतं का?"

'होतं का' म्हणाला, तेव्हाच मी समजलो.

कविता होत्या. कविता एक वेळ पुन्हा लिहिता येतील, कदाचित बऱ्याही लिहून होतील. पण त्या डिस्कवर माझ्या अम्मीचा आवाज होता. तिच्या जात्यावरच्या ओव्या मी कॅसेटवर घेतल्या होत्या आणि पुढे संगणकावर उतरवल्या होत्या. आता कॅसेटी कशाला हव्यात, म्हणून त्या भंगारात दिल्या. चौदा ओव्यांपैकी नऊ मिरजेला आपाकडे एका पेन ड्राइव्हवर सापडल्या. पाच गेल्या. गी पॉयटवॅं आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या बायाबापड्यांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मोठंच काम. पण माझ्या अम्मीच्या ओव्या सांभाळणं हे माझंच काम होतं आणि त्यात मी चुकलो.

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. तो म्हणाला, "मामू, आता एक नॅस घेऊन टाका." मी बी. ए. झालेला माणूस, तेही साहित्य घेऊन. त्यामुळे नॅस म्हणजे काय, कशी निवडायची, हे सगळं मी त्याला खोदून खोदून विचारलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात येई आणि पेठापेठांतल्या हौदांत पडे. ज्यानं त्यानं आपली घागर न्यावी आणि भरून आणावी. नॅस हा असाच घरातला सामाईक हौद. छोटी पेटी, आत एक, दोन किंवा चार डिस्क आणि त्या सांभाळणारा एक लहानसा संगणक. ही पेटी घरातल्या इंटरनेटच्या राउटरला वायरनं जोडायची. मग सुनेच्या मोबाइलमधले फोटो, मुलाच्या लॅपटॉपवरचं काम, माझी ध्वनिमुद्रणं हे सगळं एका जागी जातं आणि घरातल्या कुठल्याही यंत्रावर उघडतं.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की तुम्हाला हौद हवा आहे का? घरात एकच संगणक असेल आणि तो वापरणारे तुम्ही एकटेच असाल, तर नॅसची गरज नाही. बाहेरून जोडायच्या दोन डिस्क घ्या, पुरे होतं. तीन-चार माणसं आणि सात-आठ यंत्रं असतील, तर मात्र हौद सोयीचा.

दुसरा प्रश्न केवढा घ्यायचा? युनिकोडमध्ये देवनागरीतलं एक चिन्ह साधारणपणे ३ बाइट जागा घेतं. त्या हिशेबानं माझं आयुष्यभराचं लेखन काही मेगाबाइटमध्येच मावतं. कवीची ही श्रीमंती! सीडीच्या दर्जाचं तासभराचं ध्वनिमुद्रण मात्र सुमारे ६३५ मेगाबाइट खातं आणि लग्नाचा व्हिडिओ तर विचारूच नका. आज जेवढं आहे, त्याच्या निदान दुप्पट जागा घ्यावी. आणखी एक: ४ टेराबाइटची डिस्क संगणकावर बहुधा ३.६ टेराबाइटच दाखवते. दुकानदारावर रागावू नका. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत.

तिसरा प्रश्न डिस्कच्या जातीचा. काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यामुळे जागा वाचते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावरची कौलंही उचलावी लागतात आणि काम रेंगाळतं. अशा डिस्कना एसएमआर म्हणतात. नॅससाठी सीएमआर डिस्क घ्यावी, तिच्यात पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, हे २०२० मध्ये उघड झालं होतं. म्हणून वेष्टनावर विसंबू नका, मॉडेलचा क्रमांक पाहून विचारा.

चौथा प्रश्न वेगाचा. गिगाबिट वायरीतून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात. ओव्या ऐकायला वायफाय पुष्कळ झालं. पण पहिल्यांदा सगळा माल भरायचा, तेव्हा वायरच लावा. आणि पुण्यात पावसाळ्यात वीज कशी जाते, ते तुम्ही जाणताच. त्यासाठी छोटा यूपीएस घ्या. लिहिता लिहिता वीज गेली, की फाइल अर्धी राहते.

पाचवा प्रश्न दाराच्या कडीचा. घराबाहेरूनही उघडता यावी, म्हणून लोक ही पेटी थेट इंटरनेटवर मोकळी ठेवतात. जून २०२१ मध्ये 'माय बुक लाइव्ह' नावाच्या पेट्यांवरची माहिती जगभर अनेकांच्या घरी एकाएकी पुसली गेली. कंपनीनं त्यांच्या सुधारणा २०१५ मध्येच थांबवल्या होत्या आणि राहिलेल्या फटीतून कुणीतरी आत शिरलं. म्हणून सुधारणा किती वर्षं मिळतील, ते विकत घेण्याआधी विचारा. गरज नसेल, तर बाहेरचं दार बंदच ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दोन डिस्कची पेटी घेतली, की एकीवर जे लिहिलं जातं, तेच दुसरीवरही उमटतं. याला रेड-१ म्हणतात. एक डिस्क बिघडली, तरी काम चालू राहतं. मी खूष होऊन भाच्याला म्हणालो, "म्हणजे आता काळजी मिटली." तो म्हणाला, "नाही मामू. हा आरसा आहे. नातवानं चुकून ओवी पुसली, तर ती आरशातूनही पुसली जाते." चोरी झाली, आग लागली, तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत. हौद सामाईक झाला म्हणून सुरक्षित झाला, असं नाही. उलट तो फुटला, तर सगळ्यांच्याच घागरी रिकाम्या.

पुण्याला हे कळायला हवं. २००३ च्या जानेवारीत लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातच्या जुन्या आवारात आग लागली आणि नायट्रेट फिल्मची जुनी रिळं जळाली. ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी होती, ते राहिलं.

यासाठी जाणकारांचा एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. भाच्यानं हे सांगितलं, तेव्हा मला हसू आलं. हा नियम अम्मीला ठाऊक होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, तेव्हा ती कसब्यात नवी नवरी होती. घरातली ट्रंक पाण्यात गेली. त्यानंतर घराचे कागद तिनं माळ्यावर ठेवले, एक नक्कल कपाटात ठेवली आणि एक सासवडला भावाकडे नेऊन दिली. अब्बा चेष्टा करायचे, "सासवडला कशाला?" ती म्हणायची, "पाणी सासवडपर्यंत चढणार नाही."

आता माझ्याकडे दोन डिस्कची नॅस आहे. महिन्यातून एकदा एक बाहेरची डिस्क जोडतो, प्रत घेतो आणि ती काढून कपाटात ठेवतो. तिसरी डिस्क मिरजेला आपाकडे आहे. दर ईदला मी जातो, नवी देतो, जुनी आणतो. प्रत नुसती घेऊन भागत नाही, ती उघडते का, हेही पाहावं लागतं. म्हणून आपाच्या घरी डिस्क जोडली, की आम्ही एखादी ओवी लावतो. आधी जात्याची घरघर येते, मग अम्मी. नऊ आहेत. त्यांची दहावी होणार नाही. पण आठही होऊ द्यायच्या नाहीत, एवढं आमच्या हातात आहे.