धुण्याचे यंत्र व वाढीव हमी : एका धान्य-व्यापाऱ्याचा हिशोब

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा आपल्या संघाच्या चिटणीसांचा आग्रह झाला, तेव्हा गव्हाचे भाव, मंडीतील तोलाई आणि आडत याखेरीज आम्ही काय लिहिणार, असा प्रश्न आम्हांस पडला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि खातेगांवच्या पेठेतील चाळीस वर्षांची गादी एवढेच आमचे भांडवल. तथापि गेल्या वर्षभरात निदान सात-आठ सभासद बंधूंनी आम्हांस एकच गोष्ट विचारली : "घरी धुण्याचे यंत्र घ्यावयाचे आहे, कोणते घ्यावे? आणि दुकानदार वर पैसे घेऊन वाढीव वॉरंटी देतो, ती घ्यावी की नाही?" आम्ही यंत्रज्ञ नाही. परंतु या व्यवहारात आम्हांस एकदा ठेच लागली असल्यामुळे दोन शब्द सांगण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो, असे वाटते.

आमच्या लहानपणी घरचे धुणे विहिरीवर होत असे. एक दगड, एक धुपाटणे आणि घरातील बायकांचे हात, एवढीच काय ती सामग्री. 2016 च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखू लागले, वाकून धुणे होईना. म्हणून शहरातील एका मोठ्या दुकानातून समोर दार असलेले पूर्ण स्वयंचलित यंत्र आम्ही आणले. किंमत चुकती करते वेळी विक्रेत्याने एक कागद पुढे सरकवला. "शेठजी, आणखी 4,500 रुपये भरा. कंपनीची दोन वर्षे सरली की पुढची तीन वर्षे काळजी आमची." आम्ही सही केली, आणि कागद घडी घालून कपाटात ठेवून दिला.

2019 च्या पावसाळ्यात यंत्र एकाएकी बंद पडले. घरात चार महिन्यांची नात, बाहेर संततधार. दुकानास रोज दूरध्वनी करीत होतो. कारागीर आला तो अकराव्या दिवशी. त्याने मागचा पत्रा उघडला, आतील इलेक्ट्रॉनिक पट्टी जळालेली दाखविली आणि सांगितले की, विजेच्या दाबातील चढउतारामुळे झालेली हानी या करारात येत नाही. आम्ही कपाटातून कागद काढला. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, ते वाक्य होतेच. शेवटी गावातीलच एका कारागिराने पट्टी बदलून दिली. पण तोपर्यंत तेवीस दिवस आमच्या सौभाग्यवती त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी मोरीत बसून बाळाची दुपटी धूत होत्या. त्या एकदाच बोलल्या : "अहो, पोत्यात परखी खुपसून दाणे हातावर घेतल्यावाचून तुम्ही गहू उचलत नाही. हा कागद मात्र न वाचताच घेतलात!" या बोलण्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढील विवेचन हेच त्याचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

यंत्राआधी घर पाहावे

यंत्राची निवड दुकानात होत नाही, ती घरी होते, असे आमचे मत झाले आहे. प्रथम पाणी. आपल्या भागात पुष्कळ घरी कूपनलिकेचे जड पाणी आहे. त्यातील क्षार पाणी तापविणाऱ्या कांबीवर खपलीसारखे बसतात. कांब तापते, पाणी तापत नाही, आणि अखेर कांब जाते. असे पाणी असेल तर तापविण्याची सोय असलेल्या यंत्रास ठराविक मुदतीने क्षार काढणारी भुकटी घालून चालविणे प्राप्त आहे. नळी जेथे यंत्रास जोडतात तेथे एक बारीक जाळी असते, तीही महिन्यातून एकदा धुवावी. पाणी गाळून घेणे आपल्या घरांस काही नवे नाही.

दुसरी गोष्ट पाण्याचा जोर. पूर्ण स्वयंचलित यंत्रास पाणी आत घेण्यासाठी किमान दाब लागतो, आणि तो आकडा माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. दहा मीटर उंचीवरील टाकी सुमारे एक बार दाब देते; म्हणजे टाकी नळापासून तीनच मीटर उंच असेल तर दाब अवघा 0.3 बार. पुस्तिकेतील आकडा याहून मोठा असेल तर ते यंत्र आपल्या घरचे नव्हे. जेथे पाणी बादलीने ओतावे लागते, तेथे दोन टाक्यांचे अर्ध-स्वयंचलित यंत्रच बरे. त्याची किंमत कमी, रचना सरळ, आणि दुरुस्ती गावातील कारागिराच्या आवाक्यातली. मात्र धुतलेले कपडे एका टाकीतून काढून दुसरीत घालण्याचे श्रम राहतात, हे घरातील मंडळींस विचारूनच ठरवावे; कारण यंत्र चालविणार त्या, आपण नव्हे.

तिसरी गोष्ट वीज. स्टॅबिलायझरला जे पैसे पडतात ते आम्ही 2016 साली वाचविले आणि 2019 साली व्याजासह भरले. विजेच्या जोडणीस भूमीतार नीट आहे की नाही, हेही तपासून घ्यावे. पाण्याशी संबंध असलेल्या यंत्रात हा प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे.

आता प्रकार. समोर दार असलेले यंत्र वरून झाकण असलेल्यापेक्षा सामान्यतः पाणी कमी घेते व कपडा कमी झिजविते. परंतु ते महाग असते व धुण्यास वेळ अधिक घेते. यंत्रावर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते. चार-पाच माणसांच्या घरास साडेसहा-सात किलोचे यंत्र पुरते. चादरी व गोधड्या घरीच धुवावयाच्या असल्यास त्याहून मोठे घ्यावे.

सर्वांत शेवटची, परंतु आमच्या मते पहिली पाहावयाची गोष्ट म्हणजे कारागीर. ज्या कंपनीचा माणूस खातेगांवास किंवा नेमावरचा पूल ओलांडून हरद्याहून एक-दोन दिवसांत येऊ शकतो, तिचे साधे यंत्र हे इंदूरहून माणूस यावा लागणाऱ्या भारी यंत्रापेक्षा आपणांस अधिक विश्वसनीय होय. ज्यांच्या घरी यंत्र चार वर्षे चालले आहे, अशा शेजाऱ्यास विचारावे. जाहिरातीपेक्षा तीच खरी वानगी.

वाढीव हमीचा हिशोब

हमी ही वस्तू आपणां धान्यवाल्यांस परकी नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक निबंध लिहिला, आणि अशाच अभ्यासाबद्दल त्यांना 2001 साली इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्यास मालाचा दोष ठाऊक असतो व घेणाऱ्यास नसतो, तेव्हा बाजार कसा बिघडतो, हा त्याचा विषय. त्या निबंधात भारतीय गृहिणी तांदळातून मुद्दाम मिसळलेले खडे निवडते, असा उल्लेख आहे. तो वाचून धान्य-व्यापारी या नात्याने आम्ही ओशाळलो. त्याच निबंधात हमीचे मर्मही सांगितले आहे : हमी दिली की मालाच्या दोषाची जोखीम घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे जाते. कंपनी आपण होऊन जी मूळ हमी देते ती याच जातीची. वाढीव हमीत मात्र ती जोखीम वाहण्याचे दाम ग्राहकच निराळे मोजतो, आणि करार पुष्कळदा बनविणाऱ्याशी नसून तिसऱ्याच कोणाशी असतो.

अनेक कंपन्या सबंध यंत्रावर दोन वर्षे व मोटारीवर दहा वर्षे हमी देतात. दहा वर्षांचा आकडा डोळ्यांत भरतो. परंतु पाणी बाहेर टाकणारा पंप, दाराचे रबर, बेअरिंग व इलेक्ट्रॉनिक पट्टी यांचाही बिघाड होतच असतो, आणि त्यांस मोटारीची हमी लागू नाही. अभियंते असेही सांगतात की, यंत्रांचे बिघाड प्रारंभी व अखेरीस अधिक आणि मधल्या काळात कमी होतात. प्रारंभीचा काळ मूळ हमीत येतो. वाढीव हमी प्रायः मधल्या शांत काळाची असते.

आता आकडे पाहू. तीन वर्षांच्या वाढीव हमीचे 4,500 रुपये व एका मोठ्या दुरुस्तीचे 5,000 रुपये धरा. दहा घरांनी हमी घेतली तर 45,000 रुपये जमा झाले. हा सौदा दहा घरांच्या बाजूने नुसता बरोबरीत सुटावयाचा, तरी त्यांपैकी नऊ घरी अशी दुरुस्ती निघाली पाहिजे! एवढी यंत्रे बिघडत असतील तर ते यंत्रच घेऊ नये; आणि बिघडत नसतील तर शिल्लक कोणाच्या खाती जाते, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे. इंग्लंडात या धंद्याची सरकारी चौकशी होऊन 2003 साली अहवाल आला. पुढे 2005 च्या आदेशाने अशी हमी 45 दिवसांच्या आत रद्द करून पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क ग्राहकास देण्यात आला.

गोदामाचा आगीचा विमा आम्ही दरवर्षी न चुकता भरतो. कारण गोदाम जळाले तर आम्ही बुडू. धुण्याचे यंत्र बिघडल्याने कोणी बुडत नाही. जे नुकसान झेपणार नाही त्याचा विमा करावा, जे झेपेल त्याची तरतूद करावी. म्हणून सांप्रत आम्ही ती रक्कम घरखर्चाच्या वहीत "यंत्र-दुरुस्ती" या खात्यावर निराळी ठेवतो. बिघाड झाला नाही तर पैसे घरातच राहतात.

याचा अर्थ वाढीव हमी कधीच घेऊ नये असा नव्हे. ज्या घरी एकाएकी पाच हजार काढणे जड जाईल, तेथे ती आधार होऊ शकते. मात्र ती स्वतः कंपनीची असावी. पट्टी, पंप व रबर यांची नावे तीत असावीत. विजेचा दाब, उंदीर व क्षार यांविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. आणि कारागीर खातेगांवास किती दिवसांत येईल हे लेखी घ्यावे. लिहून देण्यास विक्रेता कां कूं करील तर उत्तर मिळालेच.

आपल्या बिल-बुकाविषयी

फसगत झाल्यास उपाय आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्यासाठी देवासला, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माल शहरातून घेतला असला तरी चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. प्रथम 1915 या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर सांगून पाहावे. अर्थात बिल व हमीपत्र जपून ठेवलेले पाहिजे.

परंतु हा कायदा वाचताना आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवली. पूर्वी एका गृहस्थाने वर्षाचा हरभरा आमच्याकडून नेला आणि आठवड्याने पोते परत आणले. आत भुंगा लागलेला. आम्ही बिलावर छापलेल्या ओळीवर बोट ठेवले : "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ते काही न बोलता पोते घेऊन गेले. पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. तो कारागीर आमच्या घरी बारीक अक्षरांतील वाक्यावर बोट ठेवीत होता, तेव्हा ते गृहस्थ आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आज सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. आम्ही ती ओळ 2019 च्या पावसाळ्यातच काढून टाकली, कायदा लागू होण्यापूर्वी. परंतु त्याचे श्रेय आम्हांस नसून मोरीत बसून धुणे धुणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींस आहे.

सभासद बंधूंनी यंत्र अवश्य घ्यावे; घरातील हातांना विसावा मिळतो, तो कोणत्याही हिशोबात मोठाच आहे. कागद मात्र वाचून घ्यावा. आणि घरी परतल्यावर एकवार स्वतःच्या दुकानाचे बिल-बुकही काढून वाचावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.