अरे, आवाज कुणाचा?... कुणाचाच नाही!

डिस्प्ले चालू, लाइट चालू, गाण्याचे सेकंदही पुढे सरकताहेत... आणि स्पीकर मात्र मौनव्रतात! नवा सेट घ्यायला निघण्याआधी एवढं वाचाच.

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर. वाघोलीचं ट्रॅफिक कसंबसं पार केलं, रांजणगावच्या गणपतीला गाडीतूनच नमस्कार झाला. आता शिरूर, मग सुपा, मग केडगाव आणि घर! पुण्यात नोकरी करणाऱ्या नगरकरांचा हा ठरलेला वीकेंड रूट. साधारण १२० किलोमीटर, म्हणजे तीस-पस्तीस गाणी. घोड नदी ओलांडून जिल्ह्यात शिरावं आणि नेमका तिथेच सन्नाटा! व्हॉल्यूम फुल केला तरी ढिम्म.

अशा वेळी आपण काय करतो? पॅनलवर दोन चापट्या मारतो. मग मित्राला फोन. तो छातीठोकपणे सांगतो, "सेट उडाला, नवा घे." आणि सोमवारी लंच टाइममध्ये आपण टचस्क्रीनच्या किमती बघत बसतो.

नुसत्या गाण्यांचा प्रश्न असता तरी एकवेळ चाललं असतं. पण आजकाल मॅपची बाईसुद्धा त्याच स्पीकरमधून बोलते. ती गप्प झाली की डोळे रस्त्यावरून उठून स्क्रीनवर जातात. रात्रीच्या हायवेवर ते परवडणारं नाही.

ताई, सेटच गेलाय!

माझ्या सेकंडहँड हॅचबॅकचं हेच झालं. बाहेरून बसवलेला सेट, चार स्पीकर आणि डिकीत एक ॲम्प्लिफायर. नगरला पोचल्यावर पहिल्याच दुकानात निकाल लागला, "ताई, सेटच गेलाय. नवा अँड्रॉइडवाला टाका." निकाल देणाऱ्याने ना पाना उचलला होता, ना मीटर!

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर इलेक्ट्रिशियन काकांकडे गेले. ते म्हणाले, "सेट सगळ्यात शेवटी बघायचा. आधी सांगा, एक स्पीकर बंद आहे का चारही?" चारही. "मग डिकी उघडा."

ॲम्प्लिफायरचा दिवा बंद होता. काकांनी मीटरची एक पिन त्याच्या १२ व्होल्टच्या टर्मिनलवर आणि दुसरी अर्थच्या टर्मिनलवर ठेवली. काहीच नाही. मग दुसरी पिन उचलून गाडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली. लगेच १२ व्होल्ट! म्हणजे करंट येत होता, पण परत जायची वाट बंद होती. अर्थचा बोल्ट ढिला आणि गंजलेला. पॉलिश पेपरने पत्रा घासला, बोल्ट आवळला आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून सुरू! नवा पार्ट एकही नाही.

तसं गाड्यांचं आणि नगरचं नातं जुनंच. डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा, म्हणजे व्हीआरडीई, इथलीच. १९९४ पासूनचं रणगाडा संग्रहालयही इथलंच. २०२४ मध्ये कागदोपत्री अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण हायवेवर आपण अजूनही 'नगरला चाललोय' असंच म्हणतो.

डिटेक्टिव्ह व्हा!

काकांची पद्धत साधी आहे. सोप्यातून अवघडाकडे जायचं आणि प्रत्येक पायरीवर एका संशयिताला सोडून द्यायचं.

पायरी १ : बटणं. म्यूट दाबलंय का? फेडर आणि बॅलन्स एका टोकाला गेलेत का? बॅटरी बदलली की काही सेट्सच्या सेटिंग्ज पुसल्या जातात. मग एफएम लावा. एफएम वाजतं पण ब्लूटूथ गप्प, तर वायरिंग निर्दोष. फोनचा आवाज बघा आणि ब्लूटूथमध्ये 'मीडिया ऑडिओ' सुरू आहे का तेही बघा. ते बंद असेल तर कॉल ऐकू येतो, गाणं नाही.

पायरी २ : एक का सगळे? एकच स्पीकर बंद असेल तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या वायरमध्ये. सगळे बंद असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी : सेट, ॲम्प्लिफायर किंवा त्यांचा सप्लाय.

पायरी ३ : फ्यूज. सेट पूर्ण मेलेला असेल तर त्याच्या पाठीमागचा आणि गाडीच्या फ्यूजबॉक्समधला फ्यूज बघा. डिस्प्ले चालू आणि आवाज नाही, तर ॲम्प्लिफायरचे फ्यूज बघा. एक त्याच्या अंगावर असतो, दुसरा बॅटरीजवळच्या जाड वायरवर.

पायरी ४ : निळी-पांढरी वायर. बहुतेक कंपन्यांच्या सेटमध्ये ही वायर ॲम्प्लिफायरला 'ऊठ' म्हणून सांगते. सेट चालू असताना तिच्यावर १२ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. ती निसटली की ॲम्प्लिफायर झोपूनच राहतो.

पायरी ५ : 'प्रोटेक्ट'. सेटवर हा शब्द आला किंवा ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागला, तर घाबरू नका. मशीनने स्वतःला वाचवण्यासाठी तोंड मिटलंय. बऱ्याचदा स्पीकरची सोललेली वायर पत्र्याला टेकलेली असते. इथे एक गंमत लक्षात ठेवा. आजच्या सेट्समध्ये स्पीकरची मायनस वायर म्हणजे अर्थ नव्हे! प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायर स्वतंत्रपणे सेटपर्यंत किंवा ॲम्प्लिफायरपर्यंत यायला हव्यात. बॉडीला जोडल्या की संपलं. सेट बंद करून चारही स्पीकर काढा, मग एकेक जोडून बघा. ज्याला जोडल्यावर 'प्रोटेक्ट' परत येईल, तो गुन्हेगार.

पायरी ६ : पेन्सिल सेल. स्पीकरच्या वायर मोकळ्या करून त्यांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. मीटर असेल तर ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली.

एवढं सगळं पार पडलं आणि तरीही आवाज नाही, तर मग सेटवर संशय घ्या. त्याआधी नाही!

नेहमीचे संशयित

सगळ्यात पहिला मान दाराच्या बिजागरीपाशी असलेल्या रबरी नळीचा. दार रोज उघडतं, मिटतं आणि आतली वायर वाकून वाकून तुटते. दार हलवलं की आवाज येतो-जातो? मग तीच! दुसरा संशयित पाऊस. दारात झिरपलेलं पाणी कागदी कोन कुजवतं. तिसरे उंदीरमामा. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या ऊसपट्ट्यात शेताशेजारी गाडी लावत असाल तर वायर कुरतडलेली निघाली तरी आश्चर्य नको. आणि चौथा सगळ्यात कॉमन : वायर नुसत्या पिळून वर गुंडाळलेली टेप. उन्हात डिंक वितळतो, टेप सुटते आणि वायर उघड्या पडतात.

म्हणूनच सेट बसवताना कंपनीची वायर कापू देऊ नका. आपल्या मॉडेलचा कपलर मागा. दोष शोधणं सोपं जातं आणि वॉरंटीवरून वाद होण्याची शक्यताही कमी होते.

इथे मस्ती नको

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. १० चा उडाला म्हणून ३० चा, किंवा 'तात्पुरती' तार नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी, अजिबात नाही! फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्याला नोकरीवरून काढलंत तर पुढचा नंबर डॅशबोर्डमागच्या वायरिंगचा, आणि मग गाणंच काय, गाडीही जाईल. नवा फ्यूज लगेच उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे.

वायरला हात घालण्याआधी बॅटरीची मायनस काढा. एअरबॅगच्या वायर सहसा पिवळ्या आवरणात असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर जाड नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. तिथून चार हात लांब!

दुकानात गेल्यावर

'आवाज येत नाही' एवढंच सांगू नका. 'एफएमलाही येत नाही, चारही बंद आहेत, ॲम्प्लिफायरचा दिवा लागत नाही' असं सांगा. समोरचा लगेच ओळखतो की गिऱ्हाईक कच्चं नाही. आणि कुणी मीटर न लावताच 'नवा टाका' म्हणालं, तर हसून 'बघतो दादा' म्हणा आणि पुढच्या दुकानात चला. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो, नवा सेट काही हजारांत. हिशेब तुम्हीच करा, बॉस!