पंचनामा पुरानंतर, तयारी पुराआधी

कृष्णा व वारणा यांच्या काठची काळी जमीन सांगली जिल्ह्याला ऊस देते, आणि त्याच नद्या फुगल्या म्हणजे तो ऊस दिवसचे दिवस पाण्याखाली राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. उलट, त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरे चारा छावण्यांत बांधावी लागली.

अशा संकटात पूर्वी मिळे ती तगाई. १८८४ च्या कायद्याखालील ते कर्ज होते. ते फेडावे लागे. आजची मदत परत करावयाची नसते. मात्र ती नुकसानीची पूर्ण भरपाई नव्हे. पुन्हा उभे राहण्यासाठी दिलेला तो हात आहे, हे ध्यानात ठेवावे.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्र शासनाने ठरविलेले दर हेक्टरी असे: जिरायत पिकास ८,५०० रुपये, बागायत पिकास १७,००० रुपये व द्राक्ष-डाळिंबासारख्या बहुवार्षिक पिकास २२,५०० रुपये. मर्यादा २ हेक्टरांची, आणि पिकाचे नुकसान निदान ३३ टक्के असावे लागते. दुभती गाय वा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीस ४,००० रुपये. राज्य शासन प्रसंगानुसार यात भर घालते. २०१९ च्या पुरानंतर बाधित पिकांवरील कर्ज १ हेक्टरपर्यंत माफ करण्याचा निर्णय झाला होता.

परंतु दर कितीही असोत, मदत मोजली जाते ती कागदावरून. पंचनामा करणारे अधिकारी बांधावर येतात, तेव्हा सात-बारावरील पीक व शेतातील पीक यांचा मेळ पाहतात. शेतात बागायत पीक आणि उताऱ्यावर जिरायत अशी नोंद असेल, तर हेक्टरी ८,५०० रुपयांचा प्रश्न उभा राहतो. म्हणून पुढील गोष्टी वेळीच कराव्यात.

पेरणी होताच पिकाची नोंद करावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याला ई-पीक पाहणीद्वारे ती स्वतः करता येते.

वडिलांच्या पश्चात वारसनोंद लांबवू नये. बँक खाते आधारशी जोडलेले असावे.

पंचनाम्याच्या वेळी शेतावर स्वतः हजर राहावे, लिहिलेले वाचून घ्यावे व मगच सही करावी.

मेलेले जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिल्यावाचून पुरू नये.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याचे नाव कागदावर नसले, म्हणजे पीक बुडते त्याचे आणि मदत जमा होते खातेदाराच्या नावे. मदतीची वाटणी कशी व्हावी, हे दोघांनी पेरणीपूर्वीच ठरवून लिहून ठेवणे इष्ट होय. त्यात अविश्वास नाही. उलट पुढील कटुता टळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी एक दिवस चावडीवर बसून गावातील सर्व उतारे वाचून दाखवावेत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या शेजारी बसावे. पूर व अवर्षण आपल्या हाती नाही. सात-बारावरची ओळ मात्र आपल्या हाती आहे.