गोचीडताप: गोठ्यातले समज आणि वस्तुस्थिती

गोचीड हा कोळी-विंचवांच्या कुळातला, रक्तावर जगणारा बाह्य परजीवी आहे. आंबेगाव-जुन्नरच्या गोठ्यांना तो नवा नाही. पश्चिमेकडच्या पावसाळी डोंगरपट्ट्यातली डांगी जनावरे आणि शर्यतीचे खिल्लारी बैल त्याच्यासोबत पिढ्यान्पिढ्या जगत आले. पूर्वेकडे डिंभे, येडगाव, माणिकडोह या धरणांच्या पाण्यावर हिरवा चारा वाढला आणि होल्स्टीन, जर्सी संकराच्या गाई दावणीला आल्या, तसे गोचिडांमुळे येणाऱ्या तापाचे, म्हणजे गोचीडतापाचे, गांभीर्य बदलले. संकरित गाय दूध जास्त देते, पण गोचीडतापाला ती देशी गाईपेक्षा कितीतरी हळवी असते. पेठ, मंचर, नारायणगाव या परिसरात या तापाविषयीचे बरेच समज मात्र अजून देशी जनावरांच्या काळातलेच आहेत.

त्यातला सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे गोचीड जनावराच्या अंगावर राहतो, तेव्हा अंगावर औषध मारले की काम संपले. प्रत्यक्षात गोचिडांचा मोठा साठा कोणत्याही वेळी जनावराबाहेरच असतो. आपल्याकडे दोन प्रकार महत्त्वाचे. ऱ्हिपिसेफॅलस (जुने नाव बूफिलस) हा एकाच जनावरावर लहानाचा मोठा होतो. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग रक्ताने टम्म फुगलेली मादी खाली पडते, आडोशाला दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. हायलोमा हा दुसरा प्रकार कात टाकण्यासाठी जनावर सोडून भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांध्यांत जाऊन बसतो आणि पुढच्या अवस्थेत पुन्हा जनावर गाठतो. दगड-मातीच्या जुन्या भिंती त्याला फार सोयीच्या. अंड्यांतून निघालेली सहा पायांची पिल्ले उपाशीपोटीही अनेक आठवडे, अनुकूल हवेत काही महिने तग धरतात. म्हणून गाय आज स्वच्छ दिसली तरी पंधरवड्यात पुन्हा भरते, आणि दोष औषधाच्या माथी मारला जातो.

गोठ्यावर इलाज करायचा तो भेगा सिमेंटने बुजवून, भिंतींना चुना देऊन, उकिरडा गोठ्यापासून लांब नेऊन. फ्लेम गनने भेगा भाजणे परिणामकारक ठरते. मात्र त्याआधी जनावरे बाहेर काढावी लागतात, आणि कडब्याची गंज किंवा विजेची वायर जवळ असेल तर तो उद्योग करू नये. मुक्तसंचार गोठ्यात सोडलेल्या देशी कोंबड्या गोचीड टिपतात हे खरे, पण भेगेच्या तळाशी त्यांची चोच पोचत नाही. फवारणीही एकदाच करून भागत नाही. औषधांना सहसा अंडी दाद देत नाहीत, म्हणून लेबलवर सांगितलेल्या अंतराने ती पुन्हा करावी लागते. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास गोचीड त्याला सरावतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनच्या गटाला दाद न देणारे गोचीड भारतात अनेक ठिकाणी आढळले आहेत. औषधाचा गट बदलायचा तो पशुवैद्यकाला विचारून.

टोमॅटो, कांदा, बटाट्याच्या या पट्ट्यात पिकावरचे उरलेले कीटकनाशक गाईवर मारण्याचा मोह होतो. विष तेच आणि किडेही मरतात, असा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा आहे. पिकांसाठीची अनेक औषधे कातडीतून शोषली जातात, जनावर अंग चाटते तेव्हा पोटातही जातात. तोंडाला फेस, थरथर आणि काही तासांत मृत्यू, असे प्रकार त्यातून घडतात. जे जनावर वाचते, त्याच्या दुधात विषाचा अंश उतरू शकतो. रॉकेल किंवा जळके ऑईल चोपडल्याने कातडी भाजते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सोपे वाटते, पण ते दुधात उतरते. ज्या गाईचे दूध माणसे पितात, तिला ते देऊ नये.

जास्त गोचीड म्हणजे आजार आणि थोडे गोचीड म्हणजे निर्धास्तपणा, हाही एक घट्ट समज. प्रश्न किती गोचीड हा नसून त्यांच्यात जंतू आहेत का, हा आहे. पन्नास निर्जंतुक गोचीड रक्त पितील आणि जनावर अशक्त करतील, पण थायलेरिया हा गोचीडताप हायलोमाच्या एखाद्या बाधित गोचिडानेही होऊ शकतो. त्यातही एक सवलत आहे. थायलेरियाचा जंतू गोचिडाच्या लाळेत संसर्गक्षम होण्यास, तो चिकटल्यावर सहसा दोन-तीन दिवस लागतात. रोज कान, कास, मांड्या आणि शेपटीखाली हात फिरवून गोचीड काढण्याचा फायदा यामुळेच. काढलेला गोचीड उकिरड्यावर टाकला तर फुगलेली मादी तिथेच अंडी घालते, आणि नखाने चिरडला तर त्याचे रक्त हाताला लागते. तो रॉकेलच्या डब्यात टाकणे बरे.

देशी जनावराला काही होत नाही, हे अर्धेच खरे. ते तगते, पण बरे झाल्यावरही जंतू रक्तात बाळगते, आणि शेजारच्या संकरित गाईपर्यंत ते नेण्याचे काम गोचीड करतो. अमेरिकेत टेक्सासच्या धडधाकट गुरांमागून उत्तरेकडची गुरे मरत, तेव्हा थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी हेच शोधले. 1893 मध्ये त्यांनी मांडले, की टेक्सास तापाचे जंतू गोचीड पसरवतो. बेल्ह्याच्या किंवा चाकणच्या बाजारातून आणलेले जनावर लगेच दावणीला न बांधता काही दिवस वेगळे ठेवायचे, ते याच कारणाने.

लघवी लाल झाली की ‘उष्णता वाढली’ म्हणून ताक, कांदा दिला जातो. बॅबेसिया या दुसऱ्या गोचीडतापात तांबड्या पेशी फुटून लघवी कॉफीसारखी होते, आणि वाया गेलेला प्रत्येक दिवस जिवावर बेततो. व्याल्यानंतर म्हशींना फॉस्फरसच्या कमतरतेनेही लाल लघवी होते. तिथे सहसा ताप नसतो आणि उपचारही निराळा. थायलेरियात लघवी बहुधा साधीच राहते. ताप 104 अंश फॅरनहाइटच्या पुढे जातो, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडते, पुढे धाप लागते. ॲनाप्लाझ्मा या तिसऱ्या प्रकारात रक्त कमी होते, पण लघवी लाल होत नाही. शिवाय तो गोचिडाखेरीज चावणाऱ्या माश्यांनी आणि एकच सुई अनेक जनावरांना टोचल्यानेही पसरतो. तिघांची औषधे वेगळी आहेत: थायलेरियाला ब्युपारव्हॅक्वोन, बॅबेसियाला डिमिनाझीन, ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन. त्यामुळे नुसता ‘गोचीडताप’ हे निदान अपुरे ठरते. कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते, तेही औषध देण्याआधी.

लस आहे, पण ती फक्त थायलेरियाची. रक्षावॅक-टी ही लस द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. बॅबेसिया, ॲनाप्लाझ्मा किंवा अंगावरचे गोचीड यांवर तिचा परिणाम नाही. गोचिडांशी जोडला जाणारा लंपी हा मात्र विषाणूचा आजार असून तो प्रामुख्याने डास आणि चावणाऱ्या माश्या पसरवतात. केवळ गोचीड मारून तो थांबत नाही.

माणसाला जनावराच्या गोचिडापासून थायलेरिया होत नाही. सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात आढळलेला माकडताप मात्र माणसाला होतो. त्याचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलातून मिळाला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, तो ओळखला. तो हिमाफायसालिस या जंगली गोचिडामुळे पसरतो. त्यात गाई-म्हशी आजारी पडत नाहीत, पण प्रौढ गोचिडांना रक्त पुरवून त्यांची संख्या वाढवतात. काँगो ताप हा दुसरा माणसाचा आजार. 2011 मध्ये गुजरातमध्ये तो भारतात पहिल्यांदा सिद्ध झाला. हायलोमा गोचीड चिरडताना किंवा बाधित जनावराच्या रक्ताशी संपर्क आल्यास तो लागू शकतो, म्हणून गोचीड काढताना आणि जनावर कापताना हातमोजे घालावेत.