डेटाबेस भाड्याचा, जबाबदारी कोणाची?

ऐन दिवाळीत, 20 ऑक्टोबर 2025 ला ॲमेझॉनचा क्लाउड आडवा झाला आणि नऊच दिवसांनी मायक्रोसॉफ्टच्या अझूरने तोच कित्ता गिरवला. दोन्हीकडे ना मशीन जळलं, ना हल्ला झाला. एकीकडे डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, सांभाळणाऱ्या स्वयंचलित प्रणालीनेच घात केला, दुसरीकडे चुकलेल्या सेटिंगने. त्यावरून ‘क्लाउडवर भरवसा ठेवावा का?’ ही चर्चा पुन्हा रंगली. मला ती फोल वाटते. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या खोलीत सर्व्हर पुन्हा आणून बसवायला कोण तयार आहे? भाड्याने घेतलेल्या डेटाबेसमध्ये आपली जबाबदारी कुठून सुरू होते, हे विचारायला हवं.

त्यासाठी 24 मे 2023 चं दक्षिण ब्राझीलमधलं प्रकरण बघण्यासारखं आहे. प्रोग्रामर मंडळी वापरतात ती ‘अझूर डेव्हऑप्स’ ही सेवा मायक्रोसॉफ्टच्याच अझूर एसक्यूएल डेटाबेसवर चालते. तपासासाठी काढलेल्या डेटाबेसच्या जुन्या प्रती पुसून टाकणारा एक जॉब तिथे आपोआप चालत असे. जुनी लायब्ररी बदलताना कोडमध्ये चूक राहिली आणि ‘डेटाबेस डिलीट कर’च्या जागी ‘सर्व्हर डिलीट कर’ असा आदेश गेला. बदल आधी कंपनीच्या अंतर्गत टप्प्यात चालवला, पण तिथे पुसण्याजोगी प्रतच नव्हती, त्यामुळे चूक लपून राहिली. ब्राझीलमध्ये प्रत सापडली आणि सर्व्हरसकट 17 चालू डेटाबेस गेले.

बॅकअप होते, डेटा शाबूत परतला. तरी सेवा पूर्ववत व्हायला दहा तासांहून जास्त वेळ गेला. डिलीट झालेला सर्व्हर ग्राहकाला स्वतः परत आणता येत नव्हता, म्हणून एसक्यूएलच्या टीमला साकडं घालावं लागलं. त्यात काही डेटाबेसचे बॅकअप एका प्रकारे साठवलेले, काहींचे दुसऱ्या. तो मेळ घालण्यात आणखी तास गेले. सेवा विकणाऱ्या कंपनीचीच ही गत!

अझूर एसक्यूएलची सेवा वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. आठवड्याला पूर्ण बॅकअप, साधारण दर दहा मिनिटांनी लॉगचा बॅकअप, पॅचिंग, एन्क्रिप्शन, एक यंत्र बसलं तर दुसऱ्यावर काम, हे सगळं ती निमूट करते. एके काळी यासाठी डेटाबेस सांभाळणारे डीबीए रात्री जागत. पण वॉचमन चोराला अडवतो, घरमालकाला नाही. डिलीटचा अधिकार कोणाकडे, बॅकअप किती दिवस ठेवायचा (न सांगता सात, जास्तीत जास्त 35), त्याची प्रत दुसऱ्या शहरात जाते का, हे ग्राहकाने ठरवायचं असतं. अझूरचं एक केंद्र आपल्या पुण्यातच आहे आणि त्याची जोडी दक्षिण भारतातल्या केंद्राशी लावलेली आहे. आपली प्रत तिथे पोचते का, हे सेटिंग उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

ब्राझीलनंतर मायक्रोसॉफ्टने महत्त्वाच्या संसाधनांना डिलीट रोखणारं लॉक लावलं. ही सोय कोणत्याही ग्राहकाला आधीपासून होती आणि ती लावायला काही मिनिटं पुरतात.

तुमची बँक, पतपेढी, शाळा किंवा दुकान क्लाउडवर असेल, तर ‘बॅकअप आहे ना?’ असं विचारून थांबू नका. उत्तर ‘हो’च येईल. शेवटचा रिस्टोर कधी करून पाहिला आणि त्याला किती तास लागले, ते विचारा. उत्तर आलं नाही, तर तो रिस्टोर याच आठवड्यात करून घ्या.